वाऱ्याचे वेळापत्रक आणि आपला कारोबार

एप्रिल महिना लागला की सूत बाजारात दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. यंदा पाऊस कसा? अल निनो आहे म्हणतात, मग कापूस महागणार काय? कोणी म्हणतो, माल भरून ठेवा. कोणी म्हणतो, थांबा, भाव पडणार आहे. सकाळी चहाच्या दुकानात उठलेली बातमी दुपारपर्यंत सौद्यात उतरते. मोठा व्यापारी अंदाज चुकला तरी चार महिने दम धरू शकतो. दहा-बारा मागांचा मालक मात्र एका चुकीच्या खरेदीत वर्षभराचे खेळते भांडवल अडकवून बसतो. म्हणून वारा म्हणजे काय, तो कुठून निघतो, कोणत्या रस्त्याने आपल्यापर्यंत येतो आणि त्याच्या चालीत फरक पडला तर तो आपल्या गल्ल्यापर्यंत कसा पोहोचतो, हे समजून घेणे ही नुसती हौस नाही. ती धंद्याची गरज आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे भूगोलाला जुगराफिया म्हणत, विषुववृत्ताला खत्ते इस्तिवा म्हणत आणि नकाशावर तिरप्या बाणांनी दाखवलेल्या वाऱ्यांना तिजारती हवाएँ म्हणत. ते बाण आपण सर्वांनीच परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. पण कापड, सूत, कातडे, मसाले, मासळी, यांपैकी कोणताही व्यवसाय घ्या, त्या बाणांशी त्याचा संबंध आहे. तो संबंध आज सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करू.

वारा का वाहतो?

हवेला वजन असते. समुद्रकिनाऱ्यावर प्रत्येक चौरस सेंटीमीटर जागेवर हवेचा सुमारे एक किलो भार असतो. हवा तापली की पसरते, हलकी होते आणि वर चढते. त्या ठिकाणी दाब कमी होतो. मग जिथे दाब जास्त आहे तिथली हवा कमी दाबाकडे धावते. या धावण्यालाच वारा म्हणतात. बाजारातही हेच होते. जिथे मालाचा तुटवडा तिथे चहूकडून माल ओढला जातो.

साइझिंगच्या कारखान्यात खळ शिजताना ज्याने पाहिली आहे त्याला पुढची गोष्ट सांगायची गरज नाही. आच मध्यभागी असेल तर खळ मधून वर येते, पृष्ठभागावरून कडेला सरकते, कडेला थंड होऊन खाली बसते आणि तळाने पुन्हा मध्याकडे येते. पृथ्वीभोवतीच्या हवेचेही असेच आहे. विषुववृत्तावर सूर्याची किरणे जवळजवळ सरळ पडतात, तिथे आच जास्त. ध्रुवांकडे किरणे तिरपी पडतात, तिथे आच कमी. वारे आणि सागरी प्रवाह ही उष्णता वाटून देतात. ते नसते तर मधला पट्टा आजच्यापेक्षा फार तापला असता आणि वरचे देश आजच्यापेक्षा फार गारठले असते.

तीन मोठी चक्रे

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत वर चढते. वर जाताना थंड होते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात आणि तिथे मुसळधार पाऊस पडतो. काँगो आणि ॲमेझॉनची घनदाट जंगले त्याच पावसावर उभी आहेत. पाणी सांडून कोरडी झालेली ही हवा वरच्या वर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाते आणि साधारण तीस अंश अक्षांशावर खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि ढग बनू देत नाही. म्हणून सहारा, अरबस्तान, दक्षिण आफ्रिकेतील कलहारी आणि ऑस्ट्रेलियाची वाळवंटे याच पट्ट्यांत किंवा त्यांच्या आसपास आहेत. खाली उतरलेल्या हवेचा एक भाग जमिनीलगत परत विषुववृत्ताकडे येतो. हे पहिले चक्र. इंग्लंडमधील जॉर्ज हॅडली नावाच्या वकिलाने १७३५ साली ते प्रथम नीट मांडले, म्हणून त्याला हॅडली चक्र म्हणतात.

दुसरा भाग तीस अंशांकडून साठ अंशांकडे जातो. हे दुसरे चक्र. अमेरिकेतील विल्यम फेरेल या शाळामास्तराने १८५६ साली त्याचा विचार मांडला. तिसरे चक्र ध्रुवावर थंड होऊन खाली बसणाऱ्या हवेचे. अशी उत्तर गोलार्धात तीन आणि दक्षिण गोलार्धात तीन चक्रे सतत फिरत असतात.

आता प्रश्न असा की वारे सरळ उत्तर-दक्षिण का वाहत नाहीत, तिरपे का वाहतात? कारण पृथ्वी स्वतः फिरत आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. तीस अंशांवर हाच वेग सुमारे १,४५० आहे, कारण तिथे पृथ्वीचा घेर लहान आहे. तीस अंशांवरून निघालेली हवा विषुववृत्ताकडे आली की खालची जमीन तिच्यापेक्षा वेगाने पुढे निघून जाते आणि हवा मागे पडते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला हा वारा पूर्वेकडून आल्यासारखा वाटतो. उत्तर गोलार्धात प्रत्येक वारा आपल्या उजवीकडे वळतो, दक्षिण गोलार्धात डावीकडे. फ्रान्सच्या कोरिऑलिस या गणितज्ञाने १८३५ साली या वळण्याचे गणित मांडले.

एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून पडते, जिकडे जातो त्यावरून नाही. नैर्ऋत्य वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून आलेला.

या हिशेबाने विषुववृत्त ते तीस अंश या पट्ट्यात उत्तरेला ईशान्येकडून आणि दक्षिणेला आग्नेयेकडून वारे वाहतात. हेच व्यापारी वारे. तीस ते साठ अंशांमध्ये पश्चिमी वारे आणि त्यापलीकडे ध्रुवीय पूर्वी वारे. व्यापारी वारे या नावाने पुष्कळांचा गैरसमज होतो. इंग्रजीतील ट्रेड या शब्दाचा जुना अर्थ वाट, ठरलेला मार्ग असा होता. एकाच वाटेने सतत वाहणारा वारा तो ट्रेड वारा. तिजारतीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. अर्थात तिजारत त्याच वाऱ्यावर झाली हेही खरेच. कोलंबस १४९२ साली कॅनरी बेटांवरून व्यापारी वाऱ्यांवर पश्चिमेला गेला आणि १४९३ साली उत्तरेकडे चढून पश्चिमी वाऱ्यांवर घरी परतला. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा. शिडाच्या जहाजांचा अटलांटिकमधील कारोबार पुढे कित्येक वर्षे याच चक्रावर चालला.

दिशा बदलणारा वारा

आपल्या समुद्रात मात्र वेगळा प्रकार आहे. अटलांटिकमध्ये वारा वर्षभर जवळजवळ एकाच दिशेने वाहतो. अरबी समुद्रात तो सहा महिन्यांनी पाठ फिरवतो. याचे कारण म्हणजे आपल्या उत्तरेला असलेला आशियाचा प्रचंड भूभाग. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. समुद्र हळू तापतो आणि हळू निवतो. एप्रिल-मे महिन्यांत उत्तर भारत, पाकिस्तान आणि तिबेटचे पठार तापते. तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा उत्तरेकडे सरकून थेट गंगेच्या मैदानापर्यंत येतो.

त्याच वेळी मॉरिशस आणि रियुनियन बेटांच्या दक्षिणेला हिंदी महासागरावर जास्त दाबाचे क्षेत्र असते. तेथून आग्नेय व्यापारी वारे निघतात, विषुववृत्त ओलांडतात आणि उत्तर गोलार्धात आल्यावर उजवीकडे वळून नैर्ऋत्य वारे होतात. पूर्व आफ्रिकेचे डोंगर भिंतीसारखे आडवे असल्याने सोमालियाच्या किनाऱ्यालगत या वाऱ्याचा एक वेगवान झोत बनतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर तो सर्वांत जोरदार असतो. हाच झोत अरबी समुद्रावरून बाष्प उचलून आपल्या किनाऱ्यावर आणून टाकतो. केरळात तो साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, असे हवामान खात्याचे सध्याचे वेळापत्रक आहे. १७ सप्टेंबरच्या सुमारास राजस्थानातून त्याची माघार सुरू होते. नंतर जमीन थंड होते, दाब उलटा होतो आणि वारा ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतो.

या वाऱ्याला जगाने दिलेले नावच अरबी आहे. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ. अरब दर्यावर्दी हा शब्द जहाज सोडण्याच्या हंगामासाठी वापरत. पोर्तुगिजांनी त्याचे मोन्साओ केले, इंग्रजांनी मान्सून केले. आपल्या मराठीतील मोसम आणि मोसमी पाऊस त्याच घरातले.

दर्यावर्दींचा हिशेब

हा वारा ज्यांनी ओळखला त्यांनी हजार-दीड हजार वर्षे हिंदी महासागराचा व्यापार केला. नोव्हेंबर ते मार्च ईशान्य वाऱ्यावर भारतातून अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेकडे जायचे. एप्रिल-मेमध्ये, किंवा ऑगस्टअखेरीस नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरल्यावर, तिकडून इकडे यायचे. जून-जुलैत दरिया बंद. आमच्या कोकणातील गलबते आणि मचवेही त्या दोन महिन्यांत किनाऱ्याला ओढून ठेवण्याची रीत होती. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यात माशांच्या विणीचा विचार आहे, तसा खवळलेल्या समुद्राचाही आहे.

अरब लेखक ज्याला सैमूर म्हणत ते आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल बंदर. इतिहासकार आणि प्रवासी मसऊदी इसवी सन ९१६ च्या सुमारास तेथे आला होता आणि तेथील सुमारे दहा हजार मुसलमानांच्या वस्तीची नोंद त्याने केली आहे. ती वस्ती या वाऱ्यांच्या येण्याजाण्यातून उभी राहिली होती. माल घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्महिने थांबावे लागे. त्यातून वखारी झाल्या, भागीदाऱ्या झाल्या, घरेदारे झाली. परत जाताना काय जात असे? कापड. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात येथे आणि तांबड्या समुद्रावरील कुसैर बंदरात गुजरातच्या ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे तुकडे उत्खननात सापडले आहेत. आपल्या छिपा कारागिरांच्या पूर्वजांचा माल या वाऱ्यावर तिथे पोहोचला होता.

येथे एक बारकी गोष्ट आहे. हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. वारा मात्र सूर्याच्या वर्षाने चालतो. हिजरी महिन्यावरून जहाज सोडायची तारीख ठरवली तर ती दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकेल आणि काही वर्षांत भर तुफानात येऊन पडेल. म्हणून अरब दर्यावर्दी इबादतीसाठी हिजरी आणि सफरीसाठी नौरोजपासूनचे दिवस मोजत. नौरोजच्या अमुकव्या दिवशी अमुक बंदर सोडावे, अशा त्यांच्या नोंदी असत. आजच्या रास अल खैमाजवळच्या जुल्फार गावचा मशहूर नाखुदा अहमद इब्न माजिद याने १४९० च्या सुमारास किताब अल-फवाइद हा ग्रंथ पुरा केला. त्यात सफरीच्या वेळा याच पद्धतीने दिलेल्या आहेत. हज यात्रेकरूंनाही हा पेच पडे. सुरतेहून जहाजे सुटत ती साधारण हिवाळ्याच्या अखेरीस, आणि परतत पावसाळा सरताना. हज कोणत्याही ऋतूत आला तरी वारा आपल्याच वेळेला सुटणार. त्यामुळे कित्येकांना तिकडे महिनोन्महिने मुक्काम करावा लागे.

वाऱ्याची वेळ चुकली की काय होते याचे उदाहरण वास्को द गामाचे. १४९८ च्या एप्रिलअखेरीस तो आफ्रिकेतील मालिंदीहून वाटाड्या घेऊन निघाला आणि महिन्याच्या आत कालिकतजवळ पोहोचला. तो वाटाड्या इब्न माजिदच होता असे पुष्कळदा सांगितले जाते, पण आजचे इतिहासकार ते मानत नाहीत. पोर्तुगीज बखरींत तो गुजरातचा असल्याचे म्हटले आहे. परतताना वास्को ऑगस्टअखेरीस कालिकतहून निघाला. ईशान्य वारा अजून सुटलेला नव्हता. मालिंदी गाठायला १४९९ चा जानेवारी उजाडला आणि वाटेत त्याची बरीच माणसे रक्तपितीने मेली. समुद्र तोच, जहाजे तीच. फरक होता तो वाऱ्याच्या वेळापत्रकाचा.

सह्याद्री, सूत आणि दमट हवा

आता घरातले बोलू. नैर्ऋत्य वारा सह्याद्रीवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि पाणी सांडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट ओलांडला की तोच वारा उतरणीला लागतो आणि कोरडा होतो. पुण्याला सातशे-साडेसातशे मिलिमीटरवर भागते. आपली यंत्रमागाची शहरे या हिशेबात पाहा. भिवंडी डोंगराच्या अलीकडे, दमट पट्ट्यात. मालेगाव आणि सोलापूर पलीकडे, पर्जन्यछायेत.

याचा मागावर परिणाम होतो. सुती धागा ओलसर हवेत मजबूत होतो आणि कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत मालेगावकडे ताण्याचे धागे जास्त तुटतात, माग थांबतो, कापडात दोष येतो, हे कारागिरांना ठाऊकच आहे. सुती विणाईला हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास असली तर काम चांगले चालते. म्हणून जमिनीवर पाणी मारणे, गोणपाट ओले ठेवणे हे जुने उपाय आहेत. धुके सोडणारी यंत्रेही मिळतात. इंग्लंडमध्ये लँकेशायर हा सुती गिरण्यांचा मुलूख झाला त्याच्या कारणांत तेथील दमट हवा सांगितली जाते. अटलांटिकवरून येणारे पश्चिमी वारे पेनाईन डोंगरावर पाणी टाकतात, ती ही हवा. ज्या पश्चिमी वाऱ्यांवर कोलंबस घरी गेला त्याच वाऱ्यांनी मँचेस्टरचे सूत ओलसर ठेवले.

दमट हवा विणाईला चांगली, पण साठवणीला वाईट. पावसाळ्यात गोदामातील कापडाला बुरशी धरते, डाग पडतात. कंटेनरमध्ये दिवसा गरम आणि रात्री थंड झाल्याने आतल्या पत्र्यावर पाणी साचून मालावर टपकते. जून ते सप्टेंबर माल पाठवणाऱ्यांनी कापड पूर्ण कोरडे करून प्लॅस्टिकमध्ये बांधावे, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात आणि ओला कंटेनर स्वीकारू नये.

अल निनोची अफवा आणि सत्य

मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याची निकड १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर फार वाढली. १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणितज्ञ. जगभरच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना आढळले की प्रशांत महासागराच्या पूर्व भागात हवेचा दाब वाढतो तेव्हा ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाच्या बाजूला तो कमी होतो, आणि उलट. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा प्रकार आहे.

नेहमीच्या वर्षी प्रशांत महासागरावरील व्यापारी वारे गरम पाणी ढकलत इंडोनेशियाकडे नेतात. तिथे हवा वर चढते आणि पाऊस पडतो. दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यावर खालचे थंड पाणी वर येते. काही वर्षी हे वारे मंदावतात आणि गरम पाणी पेरूकडे पसरते. नाताळच्या सुमारास हे जाणवे म्हणून तेथील कोळ्यांनी त्याला अल निनो, म्हणजे बाळ, असे नाव दिले. अशा वर्षी हवा वर चढण्याची जागा पूर्वेकडे सरकते आणि आपल्या बाजूला हवा खाली बसण्याचा कल वाढतो. खाली बसणारी हवा पाऊस रोखते हे आपण वर पाहिलेच. उलट प्रकाराला ला निना म्हणतात.

म्हणजे अल निनो आला की दुष्काळ ठरलेला काय? आकडे पाहा. २००२ मध्ये अल निनो होता आणि देशात पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी झाला. २००९ मध्ये २२ टक्के कमी, २०१५ मध्ये १४ टक्के कमी. परंतु १९९७ चा अल निनो त्या शतकातील सर्वांत जोरदारांपैकी एक असूनही पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २०२३ मध्ये अल निनो असताना एकूण पाऊस ९४ टक्के झाला. म्हणजे अल निनोमुळे धोका वाढतो, दुष्काळाची खात्री होत नाही. एक कारण असे की हिंदी महासागराचीही स्वतःची दोन पारडी आहेत. आफ्रिकेकडील बाजू गरम आणि सुमात्राकडील थंड झाली की आपल्या पावसाला पुष्कळदा मदत होते. शास्त्रज्ञांनी १९९९ साली ही गोष्ट ठळकपणे मांडली. १९९७ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ती परिस्थिती होती. २०१९ मध्ये पाऊस ११० टक्के झाला.

दुसरी गोष्ट अशी की एकूण बेरीज फसवी असते. २०२३ चा ९४ टक्के आकडा पाहून वाटेल, फारसे बिघडले नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. कपाशीला पाणी हवे तेव्हा ते मिळाले नाही तर सप्टेंबरच्या पावसाने बेरीज भरते, बोंडे भरत नाहीत.

भाव फक्त वाऱ्यावर ठरत नाही

महाराष्ट्रातील कपाशी बहुतांशी कोरडवाहू आहे. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बाजारात आवक. वारा बिघडला की पाऊस बिघडतो, मग कापूस, मग सूत, मग कापड. पण या साखळीत इतर हातही आहेत. २०२० ते २०२३ अशी लागोपाठ तीन वर्षे ला निना राहिली. २०२२ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये दुष्काळ पडून कपाशीची मोठी शेती सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी सिंध प्रांतात महापुराने कपाशी बुडाली. आपल्याकडे मे २०२२ मध्ये कापूस खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. ज्यांनी तेव्हा हिशेब केला की टेक्सास गेले, पुढे सिंधही गेले, आता भाव आणखी चढणार, त्यांना पुढचे महिने जड गेले. युरोप-अमेरिकेत कापडाची मागणी घटली आणि वर्षभरात भाव बराच खाली आला. पीक कमी होते, गिऱ्हाईक त्याहून कमी होते.

वारा निर्यातीच्या वाटेवरही गाठतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाज कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेला वळसा घालून पाठवली. युरोपला माल पोहोचायला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. आफ्रिकेच्या टोकाखाली चाळीस अंशांपलीकडे पश्चिमी वाऱ्यांना अडवायला जमीनच नाही, म्हणून जुने खलाशी त्यांना गर्जणारे चाळीस म्हणत. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा आणि तुफानांचा जोर. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ मोठ्या जहाजांवरून कंटेनर समुद्रात पडले. अशा हंगामात सागरी विमा न उतरवता माल सोडणे म्हणजे विनाकारण जोखीम ओढवून घेणे होय.

व्यवहारात काय करावे?

पहिले, अफवेऐवजी हवामान खात्याचा अंदाज वाचावा. एप्रिलमध्ये पहिला अंदाज येतो, मेअखेरीस सुधारित येतो. खाते ९६ ते १०४ टक्के पावसाला सामान्य म्हणते आणि ९० च्या खाली गेला तर अपुरा. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी सुमारे ८७ सेंटीमीटर आहे. टक्केवारी त्या आकड्याची असते.

दुसरे, देशाच्या सरासरीवर सौदा करू नये. आपले सूत ज्या कापसाचे, तो मुलूख पाहावा. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, गुजरात, तेलंगण. तिथे पेरणी वेळेवर झाली काय आणि जुलै-ऑगस्टमध्ये खंड किती दिवसांचा पडला, हे विचारावे. हवामान खाते दर आठवड्याला पुढील काही आठवड्यांचा विभागवार अंदाज देते.

तिसरे, खरेदी एकदम करू नये. जो माल भरायचा तो तीन-चार हप्त्यांत भरावा. पहिला अंदाज आल्यावर थोडा, पेरणी झाल्यावर थोडा, ऑगस्टची चाल पाहून बाकीचा. यात सर्वांत खालचा भाव साधणार नाही, पण सर्वांत वरच्या भावात सगळे भांडवलही अडकणार नाही.

चौथे, गोदाम. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भिवंडीसह सगळ्या पट्ट्यात कापडाच्या गाठी पाण्याखाली गेल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. अरबी समुद्र तापत चालल्याने तेथील वादळांचे प्रमाण आणि जोर वाढल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. मेअखेरीपूर्वी माल फळ्यांवर उचलून ठेवावा, खालच्या थरात हलका माल ठेवावा आणि आगीच्या पॉलिसीत पूर व वादळाचे कलम आहे की नाही हे स्वतः वाचून पाहावे. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये.

वारा कोणाच्या मालकीचा नाही आणि तो कोणाला उधारी देत नाही. आपल्या वाडवडिलांच्या काळी ना उपग्रह होते ना संगणक. दिवस मोजून आणि आकाश पाहून ते अरबी समुद्र ओलांडत, कारण अंदाज आणि खात्री यांतला फरक त्यांना कळत होता. आज अंदाज फुकट मिळतो. तो वाचून, तोलून, आपल्या ताकदीच्या मापाने सौदा करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि छोट्या व्यापाऱ्याला व कारागिराला तेवढेच पुष्कळ आहे.